बाकावर जा

मी कवळ्या बनवते. तोंडाचा साचा घ्यायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. या कामात डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं, डोकं मात्र रिकामंच असतं, आणि रिकाम्या डोक्याला काहीतरी चाळा हवा. म्हणून मी टवाळखान्यात पडीक असायचे.

टवाळखाना म्हणजे फोनवरचा आमचा गट. चार डोकी. मी 'कवळी'. माझा धाकटा भाऊ वायरमन, म्हणून तो 'फ्यूज'. 'कात्री' कपडे शिवते. आणि 'मास्तर', जन्मभर भूमिती शिकवून निवृत्त झालेले. भाऊ सोडला तर बाकी दोघांना मी कधी पाहिलेलं नाही, पण दिवसभर आमची जुंपलेली असायची. मास्तरांनी लिहावं की गुडघा काटकोनात वळत नाही, आणि कात्रीनं विचारावं, 'कोन म्हणतो असं?' मास्तर चिडले की ती आणखी चिडवायची, 'मास्तर, बोलण्याला जरा अस्तर लावा.' भाऊ लिहायचा, 'आमची ताई लोकांचे दात त्यांच्याच घशात घालते आणि वर बिल लावते.' मी हातातला ब्रश ठेवून एकटीच खिदळायचे, आणि बाहेर बसलेलं गिऱ्हाईक घाईघाईनं आपल्या तोंडावर हात धरायचं.

कोटी अगदीच फसली तर शिक्षा होती. 'बाकावर जा.' ज्याला पाठवलं त्यानं त्या बाकाबद्दल एक नवीन गोष्ट सांगायची. एकच. मग पाठवणाऱ्यानं 'ये आता' म्हटलं की सुटका. बाक हिरवा आहे, हे पहिल्यांदा कात्रीनं सांगितलं. मास्तरांनी त्याच्याभोवती भिंती उभ्या केल्या, चारही, काटेकोर. मी उंचावर एक गज लावलेली खिडकी दिली आणि तिच्यातून येणारं दुपारचं पिवळं ऊन. भावानं एक गळका नळ दिला. दुरुस्त का नाही केलास विचारलं, तर म्हणाला, ते आपलं खातं नाही. अशी भर पडत पडत ती खोली आम्हाला पाठ झाली. तिथं कायम दुपार असायची. मला ती जागा फार आवडायची, खोटं कशाला सांगू? साचा घट्ट होईपर्यंत मी डोळे मिटून तिथं जाऊन बसायचे. नळाचे थेंब ऐकता ऐकता गुंगी यायची, आणि परत यायला जरा जड जायचं.

पहिल्यांदा खटकलं ते मास्तरांमुळे. एकदा ते बाकावरून आले आणि त्यांनी लिहिलं, 'त्या नळाखाली कुणीतरी बादली ठेवा. माझे मोजे भिजले.' आम्ही तिघं हसलो. त्यांचा पुढचा मेसेज आला.

'कोटी नाही केली मी. भिजलेत.'

त्यानंतर कात्रीनं सांगितलं, तिथं खळीचा वास येतो, खळ घातलेल्या कडक कपड्यांचा. मी ब्रश खाली ठेवला. तो वास मला आधीपासून माहीत होता आणि मी त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढलेला नव्हता. मग मीच माझी समजूत घातली, की कपडे शिवणारीला खळच सुचणार आणि तिच्या नादानं मलाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. हाताला लागतं आणि मापात बसतं तेवढं खरं, असं मी मानत आलेय.

मग एक दिवस भाऊ कुठल्याशा नव्या इमारतीत मीटर बसवत होता. त्यानं लिहिलं, 'आज माझी टर मीच उडवतोय. मी-टर.'

'बाकावर जा,' मी लिहिलं.

तेवढ्यात एक आजोबा नवी कवळी हातात घेऊनच आत आले. टोचत होती त्यांना. त्यांच्या हिरड्या तपासण्यात मी गुंतले आणि 'ये आता' म्हणायचं राहून गेलं. एरवी आम्ही एकमेकांना बूड टेकायच्या आत परत बोलवायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीचा फोन आला.

'ताई, जरा येता का?'

'का गं, काय झालं?'

'हे बसलेत.'

'बसलेत म्हणजे?'

'काल कामावरून आले, फोन बघितला आणि तेव्हापासून बसलेत नुसते. उठतच नाहीत.'

मी होते तशी निघाले. त्यांच्या घरात शिरल्यावर एक अरुंद पॅसेज आहे. तिथं स्विचबोर्डखालच्या स्टुलावर भाऊ बसला होता. गुडघे जुळवलेले, पाठ ताठ, डोळे अर्धवट मिटलेले, आणि चेहऱ्यावर जेवून उन्हात डुलकी घेणाऱ्या माणसाचं समाधान. डॉक्टर येऊन गेले होते. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. फार थकलेत म्हणाले, संध्याकाळपर्यंत उठले नाहीत तर दवाखान्यात हलवा.

मी त्याच्या गालाला हात लावला. डावा गाल चांगला तापलेला होता, उजवा गार. त्या पॅसेजला खिडकी नाही.

'पाणी पाजलंस?'

'तोंडच उघडत नाहीत,' भावजय म्हणाली.

त्याच्या मांडीवरच्या हातात फोन होता आणि अंगठा काचेवरून सावकाश फिरत होता. काच काळी होती. भावजय म्हणाली, फोन रात्रीच बंद पडलाय, हातातून सोडतच नाहीत, मग चार्जिंगला लावू कसा? ती हे बोलत असतानाच माझ्या पर्समधला फोन वाजला.

टवाळखान्यात फ्यूजचा मेसेज होता. 'ताई, बाक फार लांब आहे गं. शेवट दिसत नाही.'

'ये आता,' मी लिहिलं. मग त्याच्या कानाशी वाकून तोंडानंही म्हटलं. 'ये आता. ये रे, बाळा.'

अंगठा फिरला. 'ऐकलं. पण येऊ कुठून?'

मी सगळी हकीकत गटावर टाकली.

'दार कुणी सांगितलंच नाही,' मास्तरांनी लिहिलं. 'मी चारही भिंती पुऱ्या केल्या होत्या.'

कात्री म्हणाली, 'मग त्यालाच सांगायला सांगा ना, दार आहे म्हणून.'

'त्याची गोष्ट सांगून झाली,' मास्तर म्हणाले. 'बाक लांब आहे, ही. दुसरी चालत नाही.'

भावाचा अंगठा पुन्हा हलला. 'सरकून बसायला सांगतायत.'

कोण, मी विचारलं. भाऊ मात्र स्टुलावर सरकला. भिंतीकडे, इतका की अर्धा अधांतरी झाला.

तेव्हा मला भीती वाटली. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. माझ्या हातांनी न्हाऊमाखू घातलेलं पोर माझ्यासमोर बसलं होतं, आणि माझ्याच दोन शब्दांनी कुठं जाऊन पडलं होतं देव जाणे.

'मला बाकावर पाठवा,' मी लिहिलं.

'कोटी केल्याशिवाय पाठवता येत नाही,' मास्तरांचं उत्तर. 'नियम मोडला आणि तुम्ही पोचलाच नाहीत तर?'

त्यांचं बरोबर होतं. पण सुचेना. उठल्यासुटल्या शब्दांची मोडतोड करणारी मी, आणि ऐन वेळी डोकं ठप्प. भावजय माझ्याकडे टक लावून बघत होती. शेवटी कसंबसं लिहिलं, 'खोलीला दार नाही म्हणून ती बेदार, आणि मी बेजार.'

'छान,' कात्रीनं सवयीनं लिहिलं. मग लगेच, 'नाही. वाईट आहे. फार वाईट आहे. बाकावर जा.'

खाली गार लाकूड आलं.

डाव्या गालावर ऊन आलं. थेंब वाजत होते. खळीचा वास इतका दाट होता, की जीभ कोरडी पडली. मी मान वर केली नाही. पिवळं ऊन, हिरवा रंग आणि माझी बोटं, एवढंच दिसत होतं.

कुणीतरी मला जागा व्हावी म्हणून गुडघे आत घेतले. त्याच्या पलीकडच्यानंही घेतले. त्याच्याही पलीकडून कपड्यांची सळसळ लांबवर होत गेली. सगळे फार सौजन्यानं वागत होते.

बसून राहावं असं वाटलं. मनापासून वाटलं.

मी लिहिलं. 'समोरच्या भिंतीत दार आहे. लाकडी, दोन फळ्यांचं. बिजागऱ्यांना तेल घातलेलं आहे. कुलूप नाही. ढकललं की उघडतं.' भाऊ अंगानं दांडगा, म्हणून पुढं लिहिलं, 'चांगलं रुंद आहे.'

'ये आता,' कात्रीनं लिहिलं.

'ये आता,' मी भावाला लिहिलं.

स्टूल करकरलं.

'भूक लागलीय,' भाऊ म्हणाला.

भावजय तेव्हा रडली. मी तिथंच फरशीवर बसले आणि मीही रडले.

तिनं ताट वाढलं. तो बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून अधाशासारखा जेवला. तोंडावर रंग आला. काही आठवतं का विचारलं, तर 'कशाचं?' म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'ताई, तुझं तोंड असं का झालंय? स्वतःचीच कवळी बसत नाहीये का?' मी हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. माझा भाऊ मला परत मिळाला होता.

त्याच्याशेजारी बसावं म्हणून मी उठले. सोफा चांगला ऐसपैस आहे. भाऊ मात्र अगदी टोकाला, सोफ्याच्या हाताला चिकटून, अंग चोरून बसला होता.

'तिथं नको,' तो घास चावत म्हणाला, आणि पायानं एक खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी सोफ्याकडे बघितलं. त्याच्या पलीकडच्या सगळ्या गाद्या दबलेल्या होत्या. मी बघत असतानाच, माझ्या बाजूची शेवटची गादी सावकाश फुगून वर आली.