घड्याळजींची गाडी

जरा जवळ सरका. आणि तो बाहेरचा दिवा घालवा, डोळ्यांवर येतो. ही गोष्ट ऐकीव नाही, पोरांनो. ज्याच्यावर गुदरली त्या मेस्त्रीने मला स्वतःच्या तोंडाने सांगितली, मान वर न करता.

मेस्त्री गाड्या दुरुस्त करायचा. वय पंचावन्न, हात लोखंडाचे. गंजून एकजीव झालेला नट त्याच्यापुढे गुमान सुटतो, असं लोक म्हणायचे आणि तो मिशीतल्या मिशीत हसायचा.

गेल्या नोव्हेंबरात, नऊ तारखेला, संध्याकाळी सात वाजता त्याला घड्याळजींच्या मुलाचा फोन आला.

"मेस्त्रीकाका, बाबांची गाडी उद्या सकाळी न्यायला येतायत. जुन्या गाड्यांचा एक शौकीन भेटलाय. पण पुढचं चाक वाकडं अडकलंय, गाडी ओढता येत नाही. तो म्हणतो, माझी माणसं खोलतील. मी म्हटलं, आधी आमच्या काकांना विचारतो."

मेस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

"कुणाला हात लावू देऊ नकोस. मी आज रात्रीच येतो."

आता, एवढी घाई कशाला, तेही सांगतो. अकरा वर्षांपूर्वी घड्याळजी हीच गाडी घेऊन त्याच्याकडे आले होते. स्टिअरिंग खडखडतं म्हणून. चाक वळवणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाला एक बॉल असतो. तो झिजला होता, बदलायला हवा होता. पण निघेना. मेस्त्रीने पुलर लावून ओढला, हातोडे घातले, अर्धा दिवस घाम गाळला. छे! भोवती चार गिऱ्हाइकं बघत उभी. 'मला जमत नाही' एवढं म्हणायचं होतं. जीभ वळली नाही. त्याने जुन्याच बॉलवर नवं रबर चढवलं, ग्रीस भरलं, वरून पुसून चकचकीत केलं.

"नवा टाकलाय, घड्याळजी. बिनघोर चालवा."

आठव्या दिवशी उताराच्या वळणावर गाडी वळलीच नाही. चालवत होता मुलगा. शेजारी बसलेले घड्याळजी जागच्या जागी गेले. मुलगा जीव तोडून सांगत होता की मी स्टिअरिंग फिरवलं, चाक फिरलं नाही. कोण ऐकतो? दांड्याच्या टोकातून निसटलेला बॉल दिसला, तो धडकेने निसटला असं ठरलं. पोराने बापाचा जीव घेतला, असं लोक बोलले. आई शेवटपर्यंत त्याच्याशी धड बोलली नाही. त्याने पुन्हा कुठल्याच स्टिअरिंगला हात लावला नाही.

आणि मेस्त्री? तो भेटायला गेला, चहा प्यायला आणि घरी आला.

तर त्या रात्री साडेदहाला तो पोचला. मुलाने घरामागची शेड उघडून दिली.

"टॉर्च धरू का?"

"नको नको. तू झोप जा."

गाडी जॅकवर उचलली, खाली स्टँड लावला. टॉर्च जमिनीवर ठेवून मेस्त्री आत सरकला. बॉल चाकाच्या बाजूला तसाच रुतून बसलेला. झिजलेला, जुना. जाणत्याने एकदा पाहिला असता तर सगळं कळलं असतं. त्याने गंजावर तेल सोडलं. पुलर आवळला. एका हातोड्याचा टेका देऊन दुसरा मारला. ठण्ण. तसूभर हलला नाही. टॉर्च मात्र घरंगळला, उजेड भलतीकडे गेला. दोन्ही हात गुंतलेले. मेस्त्री चरफडला.

तेवढ्यात उजेड उचलला गेला. नेमका बॉलवर आला.

आलं वाटतं कार्टं परत, मेस्त्री मनात म्हणाला. पण गरज त्यालाच होती.

"जरा डावीकडे."

उजेड डावीकडे गेला.

"खाली. अजून... हां, बस."

काय स्थिर हात! जराही थरथर नाही. पोरगा बापावर गेलाय, त्याला वाटलं.

तास गेला. बॉल निघेना. दमून पडल्या पडल्या त्याच्या तोंडून निसटलं, "तेव्हाही असाच अडकला होता..."

त्याने जीभ चावली.

"म्हणजे... आपलं..."

उजेड बॉलवरून निघाला. हळूहळू. मेस्त्रीच्या तोंडावर आला. थांबला.

"बाजूला घे रे."

हलला नाही.

मग कडी वाजली. लांब, घराच्या बाजूला. चपलांचा आवाज.

"मेस्त्रीकाका? पाऊण वाजला. पाणी आणलंय."

आवाज दारातून आला.

उजेड अजून... तोंडावरच.

"काका... हा टॉर्च... असा कसा..."

मुलाच्या हातून तांब्या पडला.

मेस्त्री डोळे घट्ट मिटून ओरडला, "बदलला नव्हता! मला निघाला नाही, मी खोटं बोललो! घड्याळजी, पोराचा दोष नव्हता हो! माझा होता... माझा..."

खट्ट.

बॉल आपोआप सुटून त्याच्या छातीवर पडला. टॉर्च जमिनीवर आपटला. अंधार.

मुलाने चाचपडत दिवा लावला. तो उंबऱ्यावरच बसला.

"अकरा वर्षं मी रोज रात्री ते वळण घेतोय, काका," तो म्हणाला. "रोज वेगळ्या तऱ्हेने घेऊन बघतो."

मेस्त्री पाय धरायला वाकला. त्याने पाय मागे घेतले.

"माझे नका धरू. मला जिथे जिथे तोंड लपवावं लागलं, तिथे जाऊन सांगा."

मेस्त्रीने सांगितलं. घरोघर, दुकानोदुकानी. ऐकून काही जणांनी दार लावून घेतलं. माझ्याकडे आला तो त्याच फेरीत. गाडी काही विकली गेली नाही.

आता राहिलं एकच. त्या शेडमध्ये जमिनीवर बोटभर धूळ. तिच्यात मेस्त्रीच्या सरपटण्याचा पट्टा, मुलाच्या चपलांचे ठसे. आणि चाकाशेजारी, टॉर्च धरायला कोणी बसावं तिथे, दोन गुडघे टेकल्याच्या खुणा. त्यांच्याकडे येणारं पाऊल नाही. जाणारंही नाही.

मुलाने तिथे झाडू लागू दिला नाही. वर्ष होत आलं. बाकी सगळे ठसे पुन्हा धुळीने भरून गेले.

त्या दोन खुणा... मी परवाच पाहून आलो.

कण नाही बसलेला.