साइडकारमधलं वजन

मृत्यू हा माणसाचा शेवटचा प्रवास आहे, असं थोर लोक म्हणतात. थोर लोकांनी आमच्या घरची साइडकार पाहिलेली नाही.

ही घटना शंभर टक्के खरी आहे. माझा मेहुणा क्लिफर्ड याच्यावर गुदरलेली. ठिकाण, इंग्लंडच्या उत्तरेचं आमचं डरहॅमकडचं खोरं. वेळ, कालची भरदुपार. रात्र असती तर मी सगळं बिअरवर ढकललं असतं.

क्लिफर्डच्या वडिलांची मोटरसायकल तीस वर्षं शेडमध्ये पडून होती. डावीकडे जोडलेली साइडकार. तीत त्याची आई हिल्डा बसायची. हयातीत तिनं ती जागा कुणाला दिली नाही. ती गेली, आणि म्हाताऱ्यानं गाडीवर ताडपत्री टाकली.

आता नात हट्टाला पेटली. क्लिफर्डची रोवेना.

"बाबा, शनिवारी लग्नाला चर्चमध्ये मी आजीच्या साइडकारमधूनच जाणार!"

झालं. क्लिफर्डनं टाकीतला गंज काढला, कार्ब्युरेटर साफ केला, टायर, ब्रेक, साखळी सगळं नवं घातलं. राहिली फक्त सरकारी तपासणी.

रिकाम्या साइडकारची एक खोड असते. डावीकडे वळलं की तिचं चाक हवेत उठतं. गाडी उलटायची भीती. म्हणून आत वाळूची गोणी ठेवायची. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

काल तो तपासणीला घाईत निघाला. साइडकारचं कापडी झाकण बटणं लावून बंद. चॅपलपाशी डावीकडचं आखूड वळण आलं...

चाक उठलं नाही.

शेजारून फक्त स्प्रिंग कुरकुरली... कुणीतरी सावरून बसावं तशी.

तपासणीवाल्यानं चाक बघायला साइडकार उचलू पाहिली. उचलेना.

"काय राव, गोणीत शिसं भरलंय का?"

"वाळूच आहे. तुझाच जोर कमी पडतोय," क्लिफर्ड हसला.

गाडी पास झाली.

तो घरी आला. शेडच्या दारात शेजारचा नॉरिस चहा पीत बसला होता...

वाळूच्या गोणीवर.

"लेका क्लिफ, ही इथंच विसरलास की! मला वाटलं, आता तू ॲम्ब्युलन्समधूनच येतोस."

क्लिफर्डचा हात ब्रेकवरच राहिला.

तेवढ्यात रोवेना धावत आली. "पास झाली? बसून बघते हं!"

"थांब!"

पण तिनं झाकण उघडलं होतं. आत कुणी नव्हतं. ती बसली.

साइडकार दबली नाही. केसभरही नाही.

नुसती स्प्रिंग कुरकुरली... कुणीतरी सरकून जागा द्यावी तशी.

"बाबा, गादी गरम कशी?"

संध्याकाळी त्यानं मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या पुढ्यातला चहा निवून गेला होता.

"आईच असेल रे," मी म्हटलं. "नातीच्या लग्नाला आली असेल."



"आई चिमणीएवढी होती," तो म्हणाला. "तपासणीवाल्याला तर साइडकार उचलवली नाही..."

उद्या लग्न. रोवेना कुणाचं ऐकत नाही. आज सकाळी आम्ही दोघं शेडच्या बंद दाराकडे बघत उभे होतो. आत काहीतरी हळूच कुरकुरलं...

प्रदर्शनासाठी वाळूत लांबलचक गाजरं पिकवणारा नॉरिस कुंपणावरून खाकरला.

"क्लिफ, ती वाळू आता तुला लागणार नसेल, तर माझ्या प्रदर्शनाच्या गाजरांना देतोस का?"