पट्ट्याच्या मशीनवरचं कुलूप

आधीच सांगते, यात मी पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. मामाने जसं सांगितलं तसं लिहितेय. जे मी स्वतः पाहिलं ते शेवटी आहे.

भुताची गोष्ट म्हटलं की लोकांना मध्यरात्र लागते. ही घडली भर दुपारी. बुधवारी, अडीच वाजता, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. बावीस मुलं समोर उभी होती.

माझा मामा तंत्रशिक्षण केंद्रात शिकवायचा. आसपासच्या नऊ शाळांचं मिळून ते एक केंद्र. अकरावी-बारावीची मुलं सकाळी आपापल्या शाळेत पुस्तकं वाचायची आणि दुपारी बसने इथे यायची. कोणी वायरिंग शिकायचं, कोणी वेल्डिंग, कोणी केस कापायला. मामाकडे यंत्रदुरुस्ती होती. 'अभ्यासात डोकं चालत नाही' म्हणून घरच्यांनी पाठवलेली पोरं तो वर्षभरात अशी तयार करायचा की कारखानेवाले नावं विचारत यायचे.

त्याच्या वर्गात एक नियम होता.

पहिल्याच दिवशी प्रत्येकाला एक लाल कुलूप मिळायचं. त्याची किल्ली एकच. कुलपाला त्या मुलाचा फोटो आणि नाव असलेला बिल्ला, आणि ते टांगायला भिंतीवर ज्याची त्याची खुंटी. मशीन उघडायचं असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा, त्यावर आपलं कुलूप लावायचं, किल्ली खिशात टाकायची आणि मगच आत हात घालायचा. पाच जण काम करत असतील तर पाच कुलपं. सगळी निघेपर्यंत मशीन सुरूच होत नाही.

आणि दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही.

"मी सांगितलं तरी नाही," मामा म्हणायचा. "कुलूप लागलंय म्हणजे माणूस आत आहे. संपला विषय."

एवढं करूनही बटण दाबण्याआधी ओरडून विचारायचं, "आत कोण?" आत कोणी असेल तर त्याने पान्याने लोखंडावर दोनदा ठोकायचं. कारखान्याच्या गोंगाटात शब्द विरतात, ठोकलेलं ऐकू येतं.

हे सगळं मामाने शिकवलं. आणि मामानेच मोडलं.

त्या बुधवारच्या तीन वर्षं आधी त्याच्या वर्गात एक मुलगी होती. अंगाने काडी, पण भारी चपळ. मशीनखालच्या ज्या फटीत कोणाचा हात जायचा नाही तिथे ही अख्खी शिरायची. सगळे तिला खारूताई म्हणायचे. तिचे वडील केंद्राचीच बस चालवायचे. त्यांना सगळे बसवाले काका म्हणत.

त्या दिवशी नऊ शाळांचे मुख्याध्यापक केंद्र बघायला आले होते. वर्ग सुटला होता, मुलं बसकडे पळाली होती. मामाला पट्ट्याचं मशीन चालवून दाखवायचं होतं. म्हणजे सामान वाहून नेणारा लांबलचक रबरी पट्टा आणि त्याखाली फिरणारे लोखंडी रूळ.

स्विचवर एक लाल कुलूप होतं.

कार्टं कुलूप विसरून पळालं, असं त्याला वाटलं. मुलं विसरायचीच. अशा वेळी बसपर्यंत जायचं आणि त्या मुलाला परत आणायचं, हा त्याचाच नियम. पण पाहुणे जिना उतरायला लागले होते. बूट वाजत होते...

त्याने बिल्ल्यावरचं नाव पाहिलं नाही. कटर आणला आणि कुलूप कापलं.

खारूताई पट्ट्याखाली होती. पाहुण्यांसमोर मशीन कुरकुरू नये म्हणून तेल घालत होती.

पुढचं मामा कधीच सांगत नाही.

चौकशी झाली. कापलेलं कुलूप मामाने गडबडीत भंगारात टाकलं होतं आणि खारूताईच्या खुंटीवर तसलंच दुसरं, तिचा बिल्ला अडकवून, टांगलं होतं. त्यामुळे कागदावर लिहिलं गेलं, विद्यार्थिनीने कुलूप लावलं नव्हतं. मामाला विचारलं तेव्हा तो फक्त मान हलवून "हो" म्हणाला.

बसवाले काका महिन्याभराने पुन्हा कामावर आले. नवी मुलं आली की ते बसच्या दारात उभे राहून सांगायचे, "बाळांनो, आधी कुलूप लावा. माझ्या पोरीनं आळस केला. तुम्ही करू नका."

मामा खिडकीतून हे ऐकायचा. एक वर्ष. दोन वर्षं. तीन वर्षं. जेवणावरून त्याचं मन उडालं. मामी म्हणायची, पित्ताचा त्रास असेल, डॉक्टरला दाखवा. खाई त्याला खवखवे, ते औषधाने थोडंच थांबतं.

मग तो आठवडा आला.

सोमवारी वर्ग सुटल्यावर मामाने खुंट्यांवरची कुलपं मोजली. बावीस मुलं, बावीस कुलपं. दिवे बंद करायला वळला...

पट्ट्याच्या स्विचवर एक लाल कुलूप होतं.

त्याने पुन्हा मोजली. बावीसच.

बिल्ला भिंतीकडे वळलेला होता. तो उलटून बघायची मामाची छाती झाली नाही. दिवे तसेच ठेवून तो घरी आला.

मंगळवारी सकाळी स्विचवर काही नव्हतं. त्याचा जीव भांड्यात पडला. मुलं यायच्या आधी तो नेहमीसारखा एकटाच डबा खायला बसला. खोली शांत होती...

टक. टक.

लोखंडावर लोखंड. शेजारी वेल्डिंगवाले सर काहीतरी ठोकत असतील, त्याने मनाची समजूत घातली.

आणि त्याचा घास हातातच राहिला. कारण तीन वर्षांपूर्वीही त्याने मनाची अगदी हीच समजूत घातली होती.

त्या दिवशी कुलूप कापून झाल्यावर त्याने सवयीने विचारलं होतं, "आत कोण?" आणि आतून दोनदा ठोकल्याचा आवाज आला होता. त्याने तो ऐकला होता. शेजारच्या वर्गातला असेल असं म्हणून बटण दाबलं होतं.

हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. मामीलाही नाही.

डबा उघडा टाकून तो शेजारच्या खोलीकडे धावला. खोलीला बाहेरून कडी होती. वेल्डिंगवाले सर आठवडाभर रजेवर होते.

बुधवारी मामा जाणार नव्हता. पण मुलांची परीक्षा तोंडावर होती आणि पट्ट्याचं मशीन त्यांना चालवायला शिकवायचंच होतं. दुपारी अडीचला तो बावीस मुलांना घेऊन मशीनपाशी आला.

कुलूप तिथे होतं.

या वेळी सगळ्यांनाच दिसलं. एक चष्मेवाला मुलगा म्हणाला, "सर, हे कोणाचं? आमची सगळी खुंटीवर आहेत."

"जुनं असेल. सरका, कापतो."

मामाने कटर उचलला. मुलं जागची हलली नाहीत.

"पण सर, कापायचं नाही ना? तुम्हीच म्हणालात, तुम्ही सांगितलं तरी नाही."

"अरे, आत कोणी नाहीये. वाकून बघ की."

मुलगा वाकला. पट्ट्याखाली कोणी नव्हतं. तरी तो स्विचपुढून बाजूला झाला नाही. मागून एक मुलगी म्हणाली, "मग तसं विचारा ना, सर. नियम आहे."

बावीस जोडी डोळे त्याच्याकडे लागले होते. त्याने विचारलं, "आत... कोण?"

टक... टक.

"ऐकलंत?" मामाने विचारलं.

"काय, सर?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तेवढ्यात बसवाले काका दारात आले. टायर बदलायचा होता म्हणून बस आज लवकर काढायची, एवढंच सांगायला आले होते. त्यांची नजर स्विचवर गेली. ते सरळ आत आले आणि त्यांनी बिल्ला उलटला.

दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो. कडक इस्त्रीची कॉलर.

"हे माझ्या खारूचं आहे," काका म्हणाले. "तिचं कुलूप खुंटीवर होतं ना, सर? इथं कुठून आलं?"

मामाला अजूनही काहीतरी थाप मारता आली असती. काकांनी तीही खरी मानली असती. तेच त्याला सहन झालं नाही.

"त्या दिवशी ते स्विचवरच होतं, दादा. मी कापलं. खुंटीवर दुसरं लावलं."

काका एक पाऊल पुढे आले. मामाला वाटलं, आता हे आपल्याला मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे तिनं लावलं होतं?"

"हो."

"आळस केला नव्हता."

"नाही, दादा."

काकांनी खिशातून बसच्या किल्ल्या काढल्या. त्यात एक छोटी किल्ली होती. खारूताईच्या खिशात सापडलेली. ती त्यांनी तीन वर्षं जपली होती, पण खुंटीवरच्या कुलपाला लावून बघायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

ते खाली वाकले आणि पट्ट्याखाली बघत हलक्या आवाजात म्हणाले, "खारू, चल बाळा. बस निघाली."

मग त्यांनी किल्ली लावली. कुलूप उघडलं.

काका कुलूप सदऱ्याला पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "सर, एक सांगा. तिनं आवाज दिला होता का?"

मामाने मला सांगितलं, त्या क्षणी त्याच्या जिभेवर 'हो' होतं. पण कुलूप कापलं ती चूक म्हणता आली असती. आवाज ऐकूनही बटण दाबलं, त्याला काय म्हणायचं?

"नाही," मामा म्हणाला.

टक. टक.

अगदी जवळून... स्विचच्या मागच्या भिंतीतून आल्यासारखं. काका कुलूप पुसतच होते.

पुढे मामाने लेखी कबुली दिली. त्याची नोकरी गेली, खटला चालू आहे. कागदावरचा शेरा बदलला. तो आता घरीच असतो. स्वयंपाकघरात ताटलीवर चमचा वाजला तरी उठून उभा राहतो. आवाजाची गोष्ट त्याने फक्त मला सांगितली आणि म्हणाला, "तुझ्यापाशीच ठेव गं."

गेल्या महिन्यात त्याचे कागद आणायला मी केंद्रात गेले होते. बसवाले काकांनी मला ओळखलं आणि ते कुलूप माझ्या हातात दिलं. मी नीट बघितलं. जड आहे. कापल्याची कुठेच खूण नाही. जे कापलं होतं ते भंगारातून कधीच वितळवायला गेलंय.

नवी मुलं बसमधून उतरत होती. काका दारात उभे राहून त्यांना सांगत होते, "बाळांनो, माझ्या पोरीनं कुलूप लावलं होतं. अगदी नियमानं. पण आवाज द्यायचं राहिलं तिच्याकडून. तुम्ही तेवढं विसरू नका."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मामाला सांग, माझ्या मनात काही नाही. शेवटी खरं बोलला माणूस."

मी "सांगते" म्हणाले.

अजून सांगितलेलं नाही. काकांनाही काही बोलले नाही. इथे मात्र सगळं लिहिलंय... कारण काका मोबाइलवर काही वाचत नाहीत, हे मी आधी विचारून घेतलं होतं.