लवादाला ठाऊक असलेलं नाव

दुपारच्या शांततेत पाळण्याची कडी कुरकुरली. वृषालीने दचकून मान वळवली. बाळाने कूस बदलली होती, एवढंच. पाळण्याची वायर तिने कधीच काढून टाकली होती. आता तो गात नव्हता, नुसता झुलत होता.

थोरल्या जुईच्या वेळी तिने हा गाता पाळणा घेतला. वृषालीची अंगाई ऐकून ऐकून त्याने तिचा आवाज उचलला, आणि ती ड्यूटीवर असली तरी जुई आईच्याच आवाजात झोपू लागली. मग एकदा मैत्रिणीकडच्या तशाच पाळण्यातून तिने तीच अंगाई, तोच आवाज ऐकला, परक्या बाळासाठी गाणारा. तेव्हापासून तिचं पाळण्याच्या कंपनीकडे एकच मागणं होतं: माझा आवाज पुसून टाका.

कंपनीने नकार दिला. पाळणा घेतानाच्या करारात भांडणासाठी एक मोघम ओळ होती. वाद झाल्यास योग्य लवादाकडून मिटवावा. योग्य कोण, नेमायचा कुणी, काहीच नाही. कंपनी म्हणाली, असलं पोकळ कलम आम्हाला बांधत नाही. न्यायालय म्हणालं, लवादाकडे जायचं हे दोघांनी ठरवलं होतं ना? मग माणूस नेमायचा राहिला असेल, तर ते काम आमचं. पण नेमला तो माणूस नव्हताच. असंख्य निवाडे वाचून तयार झालेला यंत्रलवाद होता.

"एवढी भांडणारी कंपनी या नेमणुकीवर गप्प कशी बसली हो, काकू?"

तिच्या वकील, शेजारच्या खोतकाकू, बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "तेच मलाही टोचतंय. पण नुसत्या संशयावर कोर्ट लवाद बदलत नाही, बाई. पुरावा लागतो. जुई, एक तरी बिस्कीट ठेव गं मला!"

भिंतीवरचा पडदा उजळला. सुनावणी सुरू होते न होते तोच बाळाने भोकाड पसरलं.

"माफ करा हं," म्हणत वृषाली उठली.

"सावकाश," लवादाचा मऊ आवाज आला. "निषाद शांत झाला की पुढे जाऊ."

खोतकाकू कागद चाळत राहिल्या. वृषालीचा पाळण्यावरचा हात मात्र तसाच थिजला. बारसं अजून व्हायचं होतं. मस्कतहून आत्या येईपर्यंत ते लांबवलं होतं. नवऱ्याने किती विचारलं तरी तिने नाव सांगितलं नव्हतं. फक्त एकदा, न राहवून, वायर काढलेल्या या पाळण्यात वाकून ती कुजबुजली होती.

पडद्याकडचा माईक बंद करून तिने काकूंना सांगितलं. काकूंचा कप बशीत आपटला.

"अगं, मग लवाद कंपनीशी जोडलेला असल्याचा हाच पुरावा! ज्या कोर्टाने नेमला, त्याच्याकडेच अर्ज करू." मग त्यांचा आवाज उतरला. "पण हे नाव तू कुणालाच सांगितलं नव्हतंस, याला साक्षीदार कोण?"

वृषालीने पाळण्याकडे पाहिलं. तिने बाळाला उचलून छातीशी धरलं आणि पाळण्यापासून लांब, खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

जुई मागोमाग आली. तिने आईचा पदर ओढला आणि अगदी हळू, पाळण्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं,

"आई, मग बारशाला आत्या बाळाच्या कानात काय सांगणार?"