एकाच कुटुंबातील का?

बाकावरच्या माणसानं बोट पुढं केलं आणि दिव्यानीनं ते टोचलं. यात चूक कोणाची, हे पुढं पुष्कळ चर्चा होऊनही ठरलं नाही.

त्या सकाळी तापाच्या पेशंटांची रांग व्हरांड्याबाहेर गेली होती. सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक रस्त्यानं अशी धूळ उडवत होते की दवाखान्यात येणारा प्रत्येक जण एकाच रंगाचा दिसायचा... लाल. त्यात कोण पेशंट, कोण पाहुणा, हे ओळखायला सवड कोणाला होती?

"नाव?"

"संघपाल दुर्गे."

"ताप कधीपासून आहे?"

"ताप नाई जी."

"मग थंडी वाजून येते?"

"थंडी बी नाई. मी चंद्रपूरवरून आलो. तुमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरसाठी."

दिव्यानी थबकली. रक्ताचा थेंब तोवर मलेरियाच्या पट्टीवर पडून गेला होता.

"मग बोट काऊन दिलं?"

"तुमी मागितलं म्हणून…"

तेव्हा कुठं तिनं मान वर केली. त्याच्या पापण्यांवरसुद्धा धूळ बसली होती, आणि त्या धुळीतून डोळे तेवढे स्वच्छ हसत होते. तिनं कापसाचा बोळा त्याच्या बोटावर दाबला, आणि जरुरीपेक्षा क्षणभर जास्तच दाबून धरला. लॅबच्या कुठल्याही पुस्तकात हा नियम नाही.

"मलेरिया निगेटिव्ह," ती म्हणाली.

"चला… एका परीक्षेत तर पास झालो."

दवाखाना एटापल्लीच्या अलीकडे, सागवानाच्या जंगलात होता. एका ट्रस्टनं चालवलेला, दिव्यानी खोब्रागडे त्याच्या लॅबची प्रमुख आणि डॉ. ज्योत्स्ना मॅडम सगळ्याच्या प्रमुख. रक्ताचे निकाल हातानं लिहायचे दिवस संपले, आता संगणक आणायचा, असं ट्रस्टनं ठरवलं होतं. "लॅबमध्ये काम तू करतेस, तर निवडही तूच कर," मॅडम म्हणाल्या होत्या. "फक्त मार्चअखेर कर. एप्रिलमध्ये कोणाला संगणक आठवत नाही."

तीन कंपन्या होत्या. पहिलीनं व्हिडिओवरून माहिती दिली. त्यातलं 'माझा आवाज येतोय का?' एवढं एकच वाक्य धड पोचलं. दुसरीचा माणूस आलापल्लीपर्यंत आला, पुढं रस्ता आहे का म्हणून फोनवर विचारलं, आणि आहे असं कळल्यावर परत गेला. तिसऱ्या कंपनीच्या माणसानं आल्या आल्या रक्त दिलं. निवड फारशी अवघड नव्हती.

संघपाल आठवडाभर राहिला. कंपनीचं पाठ केलेलं बोलताना तो अगदी पुण्याचा व्हायचा – "आपलं सॉफ्टवेअर वापरकर्त्यास अनुकूल आहे" – आणि एखादी वायर निघाली की लगेच चंद्रपूरला परत यायचा: "आता हे काऊन बंद पडून राह्यलं बाप्पा!" दिव्यानीला दुसरा संघपाल जास्त आवडायचा. तिनं तसं सांगितलं मात्र नाही.

रक्ताच्या नळ्यांवर डकवायच्या बारकोडच्या पट्ट्या छापून बघताना तो म्हणाला, "तुमचं नाव यात कसं दिसते, पाह्यचं काय?"

पट्टी निघाली. ती तिनं उजेडात धरली. "नुसत्या रेघा तर आहेत!"

"सगळ्यांच्या रेघाच येतात. पण ह्या… जरा सुंदर आल्या."

"कंपनी असं बोलायलेही शिकवते काय?"

"नाई जी. हे फुकट आहे."

ती पट्टी तिनं फेकली नाही. जेवणाच्या डब्याच्या झाकणाला आतून लावून टाकली.

शेवटच्या दिवशी खरी चाचणी होती. रक्त यंत्रात घालायचं, यंत्रानं निकाल वायरीतून संगणकाला सांगायचा, संगणकानं छापायचा. मधे माणसाचा हात लागणार नाही, हीच तर कंपनीची मोठी फुशारकी. तपासणी सिकलसेलची, आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची. त्या भागात ती तपासणी म्हणजे नुसती तपासणी नसते. निरोगी माणसाला पांढरं कार्ड मिळतं, आजाऱ्याला लाल, आणि ज्याला स्वतःला काही होत नाही पण रक्तात आजाराचं बी असतं, अशा वाहकाला पिवळं. पिवळ्यानं पिवळ्याशी लग्न केलं, तर प्रत्येक लेकराच्या वेळी चारात एक भीती लालची.

नवा पेशंट हवा होता. संघपालनं बाही वर केली.

"तुमच्याकडे आलं की रक्त द्याच लागते, मालूम आहे मले."

त्याचं नाव भरून झालं. मोबाईल नंबराशिवाय आणि त्यावर आलेला कोड भरल्याशिवाय संगणक पुढं सरकेना. संघपालच्या फोनला तिथं रेंज नव्हती, म्हणून तिनं आपला नंबर सांगितला. जुन्या वहीतून संगणकात उतरवलेली तिची स्वतःची नोंद त्याच नंबरावर होती. पडद्यावर चौकट उगवली: 'या क्रमांकावर नोंद आहे. एकाच कुटुंबातील का?'

खाली दोन बटणं होती. हो आणि नाही.

संघपालनं चौकटीकडं पाहिलं. मग तिच्याकडं. आणि 'हो' दाबलं.

"नाही दाबलं असतं, तर पुढं गेलं नसतं काय?" तिनं हळूच विचारलं.

"गेलं असतं…"

बाहेर पळस फुलला होता. आत दोघंही पडद्याकडंच बघत राहिली. खरं तर तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. थोड्या वेळानं कागद छापून आला. दिव्यानीनं वाचला, आणि तिचं हसू जागच्या जागी विझलं.

संघपाल दुर्गे – वाहक.

पर्समधून तिनं आपलं कार्ड काढलं आणि त्या कागदाशेजारी ठेवलं. पिवळं.

"आयुष म्हणून भाऊ होता मले," ती म्हणाली. "लाल कार्डवाला. थंडी पडली की त्याची हाडं अशी दुखायची… आईले आवाज जाऊ नये म्हणून उशी दातात धरायचा. बारावीत होता, तेव्हा गेला."

पत्रिका तिच्या घरात कोणी मानत नव्हतं. पण कार्ड मानावंच लागे. पोंभुर्ण्याच्या घरी तिला पाहायला कोणी आलं, की चहाच्या आधी ती कार्ड समोर ठेवायची. त्यामुळं पोह्यांचा खर्च बराच वाचला, असं तिची आई कोरड्या डोळ्यांनी म्हणायची.

"पुढं काही उपाय…" संघपालनं सुरुवात केली.

"असतात. पोटातल्या लेकराची तपासणी होते. मीच सांगते सगळ्यांले. पण रोज गावागावात जाऊन मी पोरापोरींच्या सोयरिकी थांबवते, अन् स्वतःवर आली की उपाय शोधू?… नाई जमणार मले."

त्यानं वाद घातला नाही. कागदाची घडी करून खिशात ठेवली. निघताना म्हणाला, "सॉफ्टवेअर तर चाललं नं, मॅडम?"

"चाललं."

"मग झालं," तो म्हणाला. आपला माल चांगला निघाल्याचं इतकं दुःख झालेला विक्रेता त्या जिल्ह्यानं आजवर पाहिला नसेल.

महिना गेला. संगणक निकाल छापत राहिला, दिव्यानी कार्डं वाटत राहिली. अंतिम पसंतीच्या कागदावर तिची सही तेवढी व्हायची होती, आणि मॅडम रोज आठवण करत होत्या. मोहफुलं पडायला लागली, तशी एका दुपारी गट्टेगुड्याची मंगली आली. म्हातारीच्या पदराला मोहाचा गोड आंबूस वास होता. टेबलावर तिनं दोन कार्डं ठेवली. एक पांढरं, एक पिवळं. दोन्हींवर नाव तिचंच.

"बाई, माझ्याकडे दोन झाले," ती म्हणाली. "यातला पांढरा बुधूले देता येते काय?"

बुधू तिचा नातू. त्याची सोयरीक दिव्यानीनंच पंधरा दिवसांपूर्वी थांबवली होती. मुलगी पिवळी, बुधूही पिवळा.

"पोरगा जेवत नाई," मंगली समजावू लागली. "मी तं म्हातारी. मले पिवळा चालते. माझ्यासंग कोण लग्न करते आता?"

दिव्यानीला हसू आलं, आणि मग तिनं दोन्ही कार्डं जवळ ओढली. मागच्या वर्षीचं पांढरं कार्ड तिनं स्वतः तपासून दिलेलं होतं. माणूस वर्षात म्हातारा होतो. पिवळा होत नाही.

तिनं गट्टेगुड्याच्या नोंदी उघडल्या. पाठोपाठ सगळे वाहक. सगळ्यांचा मोबाईल नंबरही एकच, गोपाल किराणावाल्याचा. कारण गावात रेंज पकडणारा फोन तेवढा त्याच्याकडं होता. नावं भरताना घाईत प्रत्येक चौकटीला 'हो' दाबलं गेलं होतं, आणि संगणकाच्या लेखी अख्खं गाव गोपालचं कुटुंब झालं होतं. गोपालची मुलगी खरोखर वाहक होती. सिकलसेल वंशपरंपरेनं येतो, हे कंपनीतल्या कोणा हुशार माणसानं वाचलं असणार. म्हणून घरात एक वाहक दिसला की बाकीच्यांच्या निकालाच्या रकान्यात संगणक आधीच 'वाहक' लिहून ठेवायचा. यंत्राचा खरा निकाल मागून यायचा, पण एसटीत रुमाल टाकलेली जागा बघून गरीब प्रवासी उभा राहतो, तसा तो भरलेला रकाना बघून बाहेरच थांबायचा.

कुटुंबात एक वाहक… एकच नंबर… आणि एक 'हो'.

दिव्यानीचा हात माऊसवरच राहिला. मनात पहिल्यांदा आनंद उसळला, आणि त्याच्या मागोमाग त्या आनंदाची लाज आली. समोर म्हातारी बसली होती. तिचा नातू उपाशी होता. चुकीची कार्डं आपल्याच हातानं वाटली होती.

तिनं आधी मॅडमना सांगितलं. कार्डवाटप त्याच घडीला थांबलं. बुधूचं रक्त त्याच संध्याकाळी मागवलं. मग तिनं संघपालला फोन लावला. यंत्राच्या पोटात शेवटचे थोडेच निकाल राहत. संघपालचा खरा निकाल केव्हाच पुसला गेला होता.

"तुमचं सॉफ्टवेअर चुकते," ती म्हणाली.

"किती चुकते?" त्यानं जपून विचारलं.

"रक्त द्यायले या. मग कळते."

"मॅडम… ते चुकलं असलं तर माझी ऑर्डर गेली, बरोबर असलं तर…" तो अडखळला. "कंपनीचा माणूस म्हणून असं बोलू नये. पण मी रस्ताभर तेच मागत येईन, की ते चुकलेलं निघू दे."

दुसऱ्या दिवशी तो आला, पुन्हा नखशिखांत लाल. बाही आलापल्लीच्या नाक्यापासूनच वर केलेली असावी. या वेळी दिव्यानीनं वायर काढून ठेवली आणि साधी, जुनी, हातानं करायची तपासणी घेतली. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, नळी हलवायची, थांबायचं, आणि तिच्या मागं अक्षरं धरायची. अक्षरं दिसली, तर रक्त निर्दोष. गढूळ झालं, तर नाही.

"मागं धरायले काही द्या," ती म्हणाली.

त्यानं खिशातून आपलं कंपनीचं व्हिजिटिंग कार्ड दिलं.

तिनं नळी उजेडात धरली. त्यानं तिच्या मनगटाला खालून नुसता आधार दिला. मग त्या लालसर पाण्यातून एकेक अक्षर वर आलं… सं… घ… पा… ल…

"वाचता येते?" त्यानं विचारलं. तो डोळे मिटून उभा होता.

"सगळं," ती म्हणाली. "हुद्द्यासकट."

त्याच दुपारी तिनं कागदावर 'या कंपनीची शिफारस करता येत नाही' असं लिहिलं आणि सही केली. संघपालनं त्याच टेबलावर बसून कंपनीला चूक कळवली. बाकी दवाखान्यांतही ते थांबवा, असं स्पष्ट लिहिलं. नोकरीचं काय होईल, हे त्यानं विचारलं नाही आणि तिनंही.

मग दोघांनी गट्टेगुड्याच्या नोंदी सोडवायला घेतल्या. प्रत्येक नावापाशी चौकट यायची: 'एकाच कुटुंबातील का?' नाही. पुढचं नाव. नाही. मंगली – नाही. बुधूच्या नावापाशी दिव्यानी थांबली. सकाळीच त्याची नळी स्वच्छ निघाली होती. तिनं 'नाही' दाबलं आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

शेवटी एकच नोंद उरली. खोब्रागडे आणि दुर्गे.

चौकट उगवली. संघपालनं माऊस तिच्याकडं सरकवला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर मोहाखाली टोपल्या भरत होत्या.

दिव्यानीनं काहीच न दाबता संगणक बंद केला.

पुढं ट्रस्टनं दुसरी, लहानशी कंपनी निवडली. तिचं सॉफ्टवेअर मोबाईल मागत नाही. गाव विचारतं, आईचं नाव विचारतं आणि गप्प बसतं. जुन्या नोंदी त्यात हलवताना ज्योत्स्ना मॅडमनी दिव्यानीला हाक मारली.

"अगं, बाकी सगळं दुरुस्त केलंस, पण ही एक चूक राहून गेली बघ."

दिव्यानीनं वाकून पडद्याकडं पाहिलं. खोब्रागडे आणि दुर्गे, कुटुंब एकच. डब्याच्या झाकणातली पट्टी उगाचच आठवली.

"ती चूक नाई, मॅडम."