पहिल्या हाकेची ओ

बसा हो, लगेच उठू नका. नवराबायको दोघंही वायरिंगची कामं करणारे आणि त्यांच्याच घरात अंधार, म्हणजे हसण्यासारखंच आहे. हे गेलेत खाली मीटरपाशी, बघून येतीलच. तोवर हा दिवा आपल्या दोघींच्या मध्ये ठेवते.

मघापासून तुमचं विचारू की नको चाललंय, ते कळलंय मला. पन्नाशीची बाई नवऱ्याला भरल्या जिन्यात ‘भोपळ्या’ म्हणून हाक मारते आणि वर ‘चहा घेताय ना?’ असं अहोजाहोही करते, हे काय प्रकरण आहे? हे त्यांचं लहानपणीचं नाव. शाळेत गणितात भोपळा मिळाला तेव्हा सासूबाईंनी ठेवलेलं. आम्ही सगळेच हसतो त्याला. पण ‘अहो’ ही हाक या घरात बंद आहे. का, ते सांगते. भीती वाटली तर दिवा थोडा मोठा करा.

आम्ही कारखान्यांत वायर टाकतो. पूर्वी या कामात जीव नकोसा व्हायचा. पट्ट्यावरून बाटली पुढे गेली का ते बघणारा सेन्सर, पाणी सोडणारा वॉल्व्ह, यंत्रावर जे जे असेल त्या प्रत्येकाची वेगळी वायर पॅनलपर्यंत ओढायची. मांडीएवढे जुडगे व्हायचे. त्यातली एखादी चुकली की आमचं भांडण कारखान्यात सुरू होऊन घरी जेवताना संपायचं. मग ही पिवळी चपटी वायर आली. आत दोनच तारा, आणि त्याच तारांतून वीजही जाते आणि बोलणंही. जिथे सेन्सर हवा तिथे त्याची छोटी पेटी वायरीवर ठेवायची आणि दाबायची. पेटीच्या पोटातल्या दोन सुया वायरीच्या कातडीत घुसतात, कट् असा आवाज होतो, संपलं काम. सोलायला नको, कापायला नको. आमचा संसार या वायरीने सुखाचा केला असं मी सगळ्यांना सांगायचे.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पॅनलमध्ये एक डबा असतो. त्याला आम्ही मास्तर म्हणतो, कारण तो दिवसभर हजेरीच घेत असतो. प्रत्येक पेटीला नंबर असतो. मास्तर नंबर पुकारतो, पेटी ओ देते, मग पुढचा नंबर. शेवटच्या पेटीपर्यंत गेला की पुन्हा पहिल्यापासून. कोऱ्या पेटीचा नंबर मात्र शून्य. ती नुसती वर्गाबाहेर उभी. पण एखादा नंबर गैरहजर झाला आणि तेव्हाच एखादी शून्यवाली वायरीवर दिसली, तर मास्तर कोणालाही न विचारता गैरहजराचा नंबर तिला देऊन मोकळा होतो. ही सोय आहे. पेटी बिघडली तर कोणीही नवी लावावी आणि काम पुढे चालू राहावं.

तो बाटल्या धुण्याचा कारखाना होता. धुण्याच्या हॉलपासून गोदामापर्यंत जमिनीखालून एक बोगदा, आणि त्यात क्रेट वाहून नेणारा पट्टा. साप्ताहिक सुट्टीचा दिवस, भर दुपार. वर उन्हाने पत्रे कडकडत होते, पण बोगद्याच्या झाकणातून खाली डोकावलं की ओल्या पुठ्ठ्याचा आणि धुण्याच्या सोड्याचा वास यायचा आणि नाक गार पडायचं. पेट्या बसवून झाल्या होत्या. मी पॅनलपाशी बसून हजेरी बघितली. सगळे हजर. आणि एक शून्य.

“अहो, एखादी कोरी पेटी लावलीत का कुठे?”

“अहो!... अहो!”

“ओ! काय गं?”

हे असंच. आमच्या लग्नापासून यांनी पहिल्या हाकेला ओ दिली, असं एकदाही झालं नव्हतं. तिसरी हाक मारेपर्यंत कानात शिरतच नाही काही. तोंडात सदा एक लवंग आणि ओठांवर एकच बेसूर गुणगुण. कोरी पेटी त्यांनी कुठेच लावलेली नव्हती. पिशवीतही नव्हती. “बघून येतो,” म्हणाले आणि टॉर्च घेऊन शिडीने खाली उतरले.

ते चालत जाताना एकेका सेन्सरपुढे हात धरत होते, म्हणजे पॅनलवर तो तो दिवा लुकलुकायचा आणि मला कळायचं, हे कुठे पोचलेत ते. गुणगुण लांब लांब जात होती. चौदा नंबरपाशी ती थांबली.

“अगं... इथे वायरीला टोचे पडलेत.”

“पेटी बसवली तिथे टोचे पडणारच की.”

“पेटीच्या शेजारी. नवीन वायर आहे... इथे आपण काहीच लावलेलं नाही. आणि हात लावला तर कोमट लागतंय.”

मग म्हणाले, चौदा नंबर काढून खाली काय आहे ते बघतो. पॅनलवर चौदाचा दिवा विझला. लगेच पुन्हा लागला. शून्य गेलं. मला वाटलं, बसवलीसुद्धा परत.

“अहो, झालं का?”

खालून काहीच नाही. पाणी ठिबकत होतं, तेवढंच. मी उठून झाकणाशी गेले आणि पुन्हा हाक मारली.

“अहो!”

“ओ.”

दुसऱ्याच हाकेला. आणि शिडीच्या अगदी पायथ्यापासून. मागोमाग लांबून, खूप आतून, आणखी एक ‘ओ’ आली, थकल्यासारखी. बोगदा आहे, घुमणारच, असं मी मनाला सांगितलं. हे वर आले, हात पुसले, हसले. “चल घरी.”

त्यानंतरचे दिवस, खरं सांगू, फार छान गेले. मी निम्मी हाक मारते न मारते तोच ‘ओ’. दळण आणा, आणलं. नळ गळतोय, दुरुस्त. शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. लवंग सुटली होती, गुणगुणही. मला वाटलं, वय झालं, शहाणपण आलं. सुख अंगाला लागतं म्हणतात तसं मला ते लागलं होतं.

सासूबाईंना नाही लागलं. त्या एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “सूनबाई, भोपळ्या मला ओ देत नाही गं.”

“ऐकू कमी आलं असेल.”

“तुझ्या अहोला कसा लगेच देतो? मी भोपळ्या म्हटलं की बघतसुद्धा नाही. दुसऱ्याच कोणाला हाक मारतेय असं वाटतं त्याला.” त्यांचे डोळे भरून आले. “पोटचं पोर आहे. मला कळतं.”

मी हसण्यावारी नेलं. पण हत्यारांची पिशवी आवरायला घेतली आणि तळाशी एक पेटी सापडली. वर आमच्याच हाताने लिहिलेला नंबर. चौदा. चौदा जर इथे माझ्या हातात, तर मास्तरला तिकडे चौदा म्हणून ओ देतंय कोण?

आणि मग तो दुसरा विचार आला. हे चौदापाशी खाली वाकले होते. वर मी हाक मारली, ‘अहो’. त्यात नाव कुठे आहे? ती पत्ता नसलेली हाक. ज्याने आधी ओ दिली, त्याला मी नवरा म्हणून घरी घेऊन आले. आतून थकल्यासारखी आलेली ती दुसरी ओ माझ्या कानात वाजायला लागली आणि मी तिथेच फरशीवर बसून रडले.

त्याच संध्याकाळी कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन आला. “बाई, काम सगळं झकास आहे. फक्त वायरीवर एक शून्य दिसतंय हो परत.” वर्गाबाहेर कोण उभं आहे, ते मला कळलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी यांना न सांगता मी आणि सासूबाई गेलो. सुपरवायझरला सांगितलं, आईंना आमचं काम बघायचंय. तो खूश झाला आणि त्याने म्हातारीला बसायला खुर्ची दिली. त्यांना झाकणापाशी बसवून मी ती चौदाची पेटी घेऊन खाली उतरले. टॉर्चच्या उजेडात पिवळी वायर भिंतीवरून पुढे पुढे जात होती. गुणगुणायला कोणी नव्हतं, म्हणून मीच गुणगुणले, तीच बेसूर चाल. चौदाच्या जागी पेटी नव्हतीच. नुसते दोन टोचे. वायरीला बोट लावलं तर कोमट. आणि तिथेच शेजारी आणखी दोन टोचे, ते मात्र गार. म्हणजे त्यातलं जे होतं ते आमच्या घरी, आणि हे इथे.

“आई... मारा हाक.”

वरून आवाज आला, म्हातारा, कापरा, आणि तरीही अंगणातून पोराला बोलवावं तसा. “भोपळ्या! जेवायला ये रे!”

काहीच नाही. थेंब पडला एक.

“भोपळ्या!”

मी पेटी त्या कोमट टोच्यांवर नेमकी धरली. मागे, माझ्या खांद्याजवळ, लवंगेचा वास आला... मी वळले नाही.

“भोपळ्याऽ!”

“ओ... आलो गं आई.”

अगदी कानाशी. मी डोळे मिटले आणि सगळा जोर लावून पेटी दाबली. कट्.

वर आले तेव्हा पॅनलवर सगळे हजर होते, शून्य नव्हतं. सासूबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. घरी पोचलो तर हे दारात उभे, तोंडात लवंग, आवाज पार बसलेला. “होतात कुठे दोघी? हाका मारून मारून घसा गेला माझा.” सासूबाई त्यांना धरून रडत सुटल्या, आणि मीसुद्धा, शेजारपाजार बघत होता तरी. त्यांना मधले दिवस आठवत नाहीत. मीही सांगितलेलं नाही. फक्त उजव्या तळहातावर दोन बारीक टोचे आहेत, शेजारी शेजारी. अजून भरले नाहीत.

तर असं आहे. सासूबाई आता लेकीकडे गेल्यात, तिथून रोज फोनवर विचारतात, ओ देतो ना गं? म्हटलं, देतो, तिसऱ्या हाकेला. नळ पुन्हा गळतोय, दळणाचा डबा तसाच पडलाय आणि मी सुखात आहे. जुनंच सुख बरं असतं. फक्त जे हुसकावलं, ते गेलं कुठे, एवढा विचार कधी कधी येतो. त्याला नंबर नाही, नाव नाही. बिननावाच्या हाकेची वाट बघत असणार कुठेतरी, एखाद्या तारेत. म्हणून ‘अहो’ बंद.

आले बघा लाइट! केलंच यांनी काम. ऐका, जिन्यात गुणगुणतायत. कसलं बेसूर... वहिनी, थांबा, तशी बिननावाची हाक मारू नका त्यांना...

मारलीत.

ऐकलंत ना?... नाही, जिन्यातून नाही. इथून. या बटणांच्या मागून, भिंतीतून आली. पहिल्याच हाकेला.

श्श... गुणगुण थांबली का हो? आत्ता तर जिन्यात होती.

भोपळ्या!

भोपळ्या!

नाही, घाबरू नका. तिसरी हाक अजून बाकी आहे.