काजळवाडीतला संबळ

संबळ वाजला. तिसऱ्या ठोक्याला मी माझा दोर ओढला. अनीसने त्याचा ओढला नाही. तो नुसता उभा राहिला आणि आम्ही हरलो.

मला इतका राग आला की डोळ्यांवरचा चष्मा काढून मी गादीवर फेकला. हा चष्मा म्हणजे 'सातदिवे' या ऑनलाइन खेळाचा चष्मा. तो चढवला की समोर आख्खी दरी उभी राहते आणि कानांत तिथलं संगीत सुरू होतं. दरीतल्या गावांचे हरवलेले सात दिवे परत आणायचे, असा हा खेळ. त्यांतलं एक गाव काजळवाडी. गावातून पुढे जायच्या दाराला दोन दोर आहेत आणि दोन खेळाडूंनी ते एकाच वेळी ओढले, तरच दार उघडतं. शाळाशाळांच्या स्पर्धेत वर्गाच्या वतीने मी आणि अनीस शिकलगार अशी जोडी होती. स्पर्धेत बोलायला बंदी असते, म्हणून मी त्याला आधीच संदेश पाठवला होता : 'दारापाशी संबळ सुरू होतो. तिसऱ्या ठोक्याला ओढायचं.' त्यावर त्याने 'बरं' असं लिहिलं होतं. बरं म्हणायचं आणि करायचं नाही, याला काय म्हणतात?

मी त्याला फोन लावला.

"संबळ वाजलाच नाही, ऋजुता," तो म्हणाला. "नुसतं तुणतुणं वाजत होतं. मी वाट बघत राहिलो की."

"कान फुटलेत का तुझे?"

हे मी कुणाला म्हणाले ते नीट समजून घ्या. अनीसचं घर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आहे. हल्ली त्यांच्या दारात तंबोऱ्याचे भोपळे ड्रोनने उतरतात, पण तंबोरा सुरात अजून कानानेच लावतात आणि त्या कामात अनीसचे अब्बा त्याला शेजारी बसवून घेतात. त्याने फोन ठेवून दिला.

मग मी वर्गाच्या गटावर लिहिलं, 'अनीस खोटं बोलतोय. त्याने मुद्दाम हरवलं.' आणि वर्गाच्या बाईंनाही कळवलं, की त्याला संघातून काढा. सोमवारी त्या निर्णय देणार होत्या. तोवर वर्गात त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं. मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

रविवारी सकाळी हे सगळं मी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे आजोबा, ध्वनिशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे). तरुणपणी ते दिवसभर प्रयोगशाळेत काम करायचे आणि संध्याकाळी नाटकाच्या विंगेत बसून पार्श्वसंगीत द्यायचे. माझा राग त्यांच्याकडून आलाय असं आई म्हणते. मला वाटलं, ते माझ्या बाजूने चिडतील. ते चिडले, पण माझ्यावर.

"तपासलंस?" त्यांनी विचारलं.

"काय तपासायचं? मी माझ्या कानांनी ऐकला संबळ."

"तू तुझ्या कानांनी ऐकलास. त्याच्या कानांत काय वाजत होतं ते तुला काय माहीत? न तपासता एका पोराला खोटारडा म्हणून मोकळी झालीस? बोलाव त्याला."

"मी नाही बोलावणार."

मग त्यांनीच बोलावलं. अनीस आला, चप्पल दाराशी काढली आणि माझ्याकडे न बघता अण्णांच्या पलीकडे जाऊन बसला. मीही खिडकीकडे तोंड करून बसले. आमच्या मधे अण्णांनी चहा आणि खारी ठेवली. कुणीच हात लावला नाही.

"चष्मे घाला," अण्णा म्हणाले. "दोघेही दारापाशी जाऊन उभे राहा आणि काय ऐकू येतं ते सांगा."

"संबळ," मी म्हणाले.

"तुणतुणं," अनीस म्हणाला.

"एकच गाव, एकच दार, एकच वेळ," अण्णा म्हणाले. "तरी संगीत दोन. आता चष्मे बदला. आपापल्या नावाने पुन्हा आत जा."

मी अनीसचा चष्मा घातला, माझं नाव आणि परवलीचा शब्द दिला. संबळ वाजला. माझा चष्मा घातलेल्या अनीसला मात्र तुणतुणंच ऐकू आलं. म्हणजे दोष चष्म्याचा नव्हता.

"आता अनीसच्या नावाने तू आत जा," अण्णा मला म्हणाले.

अनीसने परवलीचा शब्द स्वतः टाकला आणि चष्मा माझ्यापुढे सरकवला. मी तो डोळ्यांवर चढवला, आणि काजळवाडीत अंधार होता. माझ्या काजळवाडीत घराघरांत उजेड असतो. इथे हातभर अंतरावरचंसुद्धा दिसेना. कानांत एकटं तुणतुणं वाजत होतं. मी दारापाशी गेले, दोराला हात लावला, वाट पाहिली. संबळ आला नाही.

मला एकदम आठवलं, अनीस या गावात कायम मशाल घेऊन फिरायचा. 'भर उजेडात मशाल कशाला रे, बावळटा?' म्हणून मी किती वेळा हसले होते. मी चष्मा काढला. राग होताच, पण तो आता कुणावर काढावा ते कळेना.

"आता ऐका," अण्णा म्हणाले. "मी विंगेत बसायचो, तेव्हा नायिकेला वाईट बातमी कळली की सारंगी लावायचो. सगळ्या प्रेक्षकांपुढे एकच नाटक, एकच अंक. म्हणून मी एकटा पुरायचो. या खेळात मात्र लाखो माणसं एकाच गावात असली, तरी कुणी पहिल्या अंकात असतं, कुणी शेवटच्या. म्हणून प्रत्येकाच्या कानाशी एकेक वेगळा अण्णा बसवलाय."

"त्याला कसं कळतं कोण कुठल्या अंकात आहे?" मी विचारलं. आवाज अजून करडाच होता.

"सर्व्हरवर (सगळ्या खेळाडूंची माहिती सांभाळणाऱ्या दूरच्या संगणकावर) प्रत्येकाच्या नावापुढे प्रगतीच्या खुणा असतात. तू काजळवाडीचा दिवा परत आणलास, खूण पडली. गावात पाऊल टाकलं की खेळ ती खूण बघतो. दिवा आणलाय? मग उजेड दाखव, संबळ ऐकव. आणला नाही? मग अंधार आणि तुणतुणं. गाव दुःखात आहे की आनंदात, हे डोळ्यांआधी कानांना कळावं, म्हणून ही सगळी खटपट."

"पण दिवा लावला तेव्हा नवीन गाणं सुरू झालं नव्हतं," मी म्हणाले. "तेच गाणं भरत गेलं."

"बरोबर ऐकलंस. कारण संगीत थरांत असतं (प्रत्येक वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित केलेलं). तुणतुणं एक थर, बासरी दुसरा, संबळ तिसरा. सगळे एकाच लयीत, एकाच पट्टीत. ते सगळे पहिल्यापासून एकत्रच चालू असतात, फक्त काहींचा आवाज शून्यावर ठेवलेला असतो. खूण पडली की त्या थराचा आवाज वाढवायचा. तोही वाटेल तिथे नाही, आवर्तन पुरं होऊन सम (तालाची पहिली मात्रा) आली की."

"म्हणून जोड कळत नाही," अनीस म्हणाला. एवढ्या वेळात तो आपण होऊन पहिल्यांदाच बोलला होता.

"म्हणून. आणि ऋजुता, तुझी युक्ती मुळातच फसणारी होती. त्याचीही खूण पडलेली असती, तरी तुझा संबळ तू दारापाशी गेल्यावर वाढणार आणि त्याचा तो गेल्यावर. दोघांचा तिसरा ठोका एका वेळी कशाला येईल? इशारा असा हवा, की जो दोघांना एकच दिसेल."

मला हे पटलं आणि पटल्याचा आणखी राग आला. एक गोष्ट अजूनही बसत नव्हती.

"पण याची खूण पडली कशी नाही? सातही दिवे आम्ही दोघांनी मिळून आणले. रोज संध्याकाळी हा माझ्याबरोबर असायचा."

अनीसने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. तो इतका चिडलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तुझे आणले," तो म्हणाला. "मोहीम ज्याची, खूण त्याला. सोबत्याला काही मिळत नाही. रोज 'अनीस ये, माझा दिवा अडलाय.' मी यायचो. तुझा झाला की तू जेवायला पळायचीस. माझा दिवा कुठे अडलाय, ते एकदा तरी विचारलंस? आणि वर गटावर खोटारडा म्हणून लिहितेस."

मी अण्णांकडे पाहिलं. ते माझ्या मदतीला आले नाहीत. ते बशीतली खारी चहात बुडवून खात राहिले.

संबळ माझ्या कानांत वाजत होता तो अनीसने दिलेल्या संध्याकाळींच्या जोरावर, आणि त्याच्या कानांत तो नव्हता म्हणून मी त्याला संघातून काढायला निघाले होते. मला स्वतःचा इतका संताप आला की रडूच फुटलं.

डोळे पुसून मी गटावर लिहिलं, 'अनीस खरं बोलत होता. त्याच्याकडे संबळ वाजतच नव्हता. आम्ही तपासून पाहिलं. न विचारता मी त्याला खोटं ठरवलं. चूक माझी आहे.' तेच बाईंना पाठवलं. बाईंचं उत्तर आलं, 'जोडी तीच राहील. पुढच्या फेरीसाठी इशारा मात्र नीट ठरवा.'

"मशाल," मी अनीसला म्हणाले. "तुझी मशाल मलाही दिसते. तू ती खाली केलीस की ओढायचं. चालेल?"

"बावळटाची मशाल?"

"हो, तीच."

तो हसला नाही, पण खारी उचलली. एकमेकांच्या कानांत काय वाजतंय ते ऐकवणारं बटण या खेळात का नाही, असं मी अण्णांना विचारलं. अजून कुणी बनवलं नाही म्हणून, असं ते म्हणाले आणि माझ्याकडे बघत बसले. मग मी ठरवलं, की ते मीच बनवणार.

त्या दुपारपासून मी अनीसची सोबती झाले. मला एकही खूण मिळत नव्हती. रोज त्याचा एकेक दिवा आम्ही सोडवत आणला आणि एका संध्याकाळी त्याच्या काजळवाडीच्या दिव्यापर्यंत पोहोचलो. दिवा लावायला तो दारापुढच्या चौकात गेला. मी दारापाशी उभी होते. माझ्या गावात केव्हाचा उजेड होता आणि माझा संबळ नेहमीसारखा वाजत होता. त्याच्याकडचा कधी सुरू होईल हे मला ऐकू येणारच नव्हतं. तो सांगेल तेव्हाच कळणार होतं.

त्याने दिव्याला ज्योत लावली आणि तो तसाच थांबला.

"आला?" मी विचारलं.

"थांब. सम यायचीय."

मी थांबले. मग उजेडाने भरलेल्या माझ्या गावात अनीसने आपली मशाल विझवली.

"आला," तो म्हणाला.